रॅम स्लॉटमध्ये बसते, पण संगणक ती स्वीकारत नाही: जुन्या यंत्रासाठी जुळणारी मेमरी कशी निवडावी

जुन्या संगणकाची मेमरी वाढवताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते. नवे मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेली रॅमची पट्टी, योग्य पिढीचे असते, स्लॉटमध्ये नीट बसते, दोन्ही बाजूंच्या क्लिपही लागतात. तरीही बटण दाबल्यावर स्क्रीन काळीच राहते, किंवा ८ जीबीऐवजी ४ जीबीच दिसते, किंवा सुरुवातीला सगळे सुरळीत चालून काही दिवसांनी यंत्र अधूनमधून अडकू लागते. विकणारा सांगतो की मॉड्यूल उत्तम आहे, त्याच्याकडच्या यंत्रात ते चालते, आणि बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरे असते. मदरबोर्डही बिघडलेला नसतो, कारण जुनी रॅम परत लावली की संगणक पूर्ववत सुरू होतो. अशा वेळी दोष दोघांपैकी कोणाचाच नसतो; त्यांचे एकमेकांशी जुळत नाही, आणि न जुळणारी गोष्ट सहसा मॉड्यूलच्या आकारात नसून त्यावरील चिपच्या रचनेत असते.

पिढी ओळखण्याचे काम त्यामानाने सोपे आहे, म्हणून ते आधी उरकून घेऊ. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ ही रॅमच्या लागोपाठच्या पिढ्यांची नावे. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही मॉड्यूलना २४० संपर्क असतात, परंतु मधल्या खाचेची जागा वेगळी असल्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर४ ला २८८ संपर्क असतात. लॅपटॉपमध्ये डीडीआर२ ला २००, डीडीआर३ ला २०४ आणि डीडीआर४ ला २६० संपर्क असतात. मॉड्यूल जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर जोर लावू नये, ते बहुधा चुकीच्या पिढीचे किंवा उलटे धरलेले असते. खाच एवढेच संरक्षण देते. पिढी जुळली याची खात्री तिच्यामुळे होते, त्यापुढच्या कोणत्याही गोष्टीची होत नाही.

व्होल्टेजचा प्रश्न प्रामुख्याने डीडीआर३ वापरणाऱ्या लॅपटॉपमध्ये येतो. मूळ डीडीआर३ मॉड्यूल १.५ व्होल्टवर चालते, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. दोघांची खाच एकाच जागी असते, त्यामुळे चुकीचे मॉड्यूल बसवताना हाताला काहीही वेगळे जाणवत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरसाठी १.३५ व्होल्टचेच मॉड्यूल ठरवलेले आहे आणि अशा लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टचे मॉड्यूल लावल्यास तो बहुधा सुरूच होत नाही. उलट दिशेने मात्र अडचण नसते, कारण प्रमाणित डीडीआर३एल मॉड्यूल १.५ व्होल्टवरही चालावे अशीच त्याची रचना असते. म्हणून डीडीआर३ च्या कोणत्याही लॅपटॉपसाठी खरेदी करताना, जुने मॉड्यूल १.५ व्होल्टचे असले तरी, १.३५ व्होल्टचे घेणे अधिक सुरक्षित ठरते. लेबलवर पीसी३ या अक्षरांनंतर एल असेल तर ते कमी व्होल्टेजचे मॉड्यूल समजावे. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप बोर्डांवर डीडीआर३एलचे स्लॉट असतात. तेथेही जुन्या संगणकातून काढलेली १.५ किंवा १.६५ व्होल्टची रॅम लावण्याचा मोह टाळावा, कारण त्या प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, एवढ्या व्होल्टेजसाठी बनवलेला नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. मेमरी नियंत्रक आणि मॉड्यूल यांच्यामध्ये ६४ बिट रुंदीचा डेटामार्ग असतो. सर्वसाधारण चिप ८ बिट रुंद असते, म्हणजे ६४ बिट पूर्ण करण्यासाठी अशा आठ चिप एकत्र काम करतात; या आठांच्या गटाला रँक म्हणतात. मॉड्यूलवर एक रँक असू शकते किंवा दोन. त्यामुळे ४ जीबीचे मॉड्यूल दोन वेगळ्या प्रकारांनी बनवता येते: प्रत्येकी ४ गिगाबिटच्या (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) आठ चिप वापरून, किंवा प्रत्येकी २ गिगाबिटच्या सोळा चिप वापरून. बाजारात दोन्हींचे नाव एकच, वेग एकच, क्षमताही एकच असते. जुन्या नियंत्रकाच्या दृष्टीने मात्र त्या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत.

याचे कारण पत्त्यांच्या तारांमध्ये आहे. चिपमधील मेमरी ओळी आणि स्तंभांमध्ये मांडलेली असते आणि नियंत्रक आधी ओळीचा, मग स्तंभाचा क्रमांक पाठवतो. ८ बिट रुंदीच्या २ गिगाबिट डीडीआर३ चिपला ओळीसाठी १५ आणि स्तंभासाठी १० बिट लागतात. ४ गिगाबिटच्या चिपला ओळीसाठी १६ बिट लागतात, आणि ८ गिगाबिटच्या चिपला ओळीसाठी १६ व स्तंभासाठी ११. ज्या काळात नियंत्रक घडवला गेला त्या काळात १६ वा ओळ-बिट गृहीत धरलेला नसेल, तर त्या चिपचा वरचा अर्धा भाग नियंत्रकाला कधीच दिसणार नाही. परिणाम दोनच संभवतात: अर्धी क्षमता दिसते, किंवा मेमरीची मांडणी न समजल्यामुळे बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डावरील प्रोग्राम, तिथेच थांबतो. घरांचे क्रमांक दोन आकड्यांचेच असू शकतात असे मानणाऱ्या टपालवाल्याला १०१ व्या घराचे पत्र देता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. घर असते, पत्र असते, पण पत्ता वाचता येत नाही.

इंटेलचा जी४१ चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरील चिपचा संच) हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यावरील डीडीआर३ बोर्डांना दोन स्लॉटमध्ये मिळून ८ जीबीपर्यंत रॅम चालते, म्हणजे प्रत्येकी ४ जीबीची दोन मॉड्यूल. परंतु ती सोळा चिपचीच असावी लागतात. नव्याने तयार झालेली ४ जीबीची बहुतेक मॉड्यूल एका बाजूला आठ चिप असलेली असतात आणि ती या बोर्डावर चालत नाहीत. बोर्डाच्या पुस्तिकेत ८ जीबी लिहिलेले असते, ते खोटे नसते, पण अपुरे असते. पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेतील लॅपटॉपचीही स्थिती अशीच आहे: दोन स्लॉटमध्ये प्रत्येकी ४ जीबी, तेही २ गिगाबिटच्या चिपचे. २०११ पासून आलेल्या दुसऱ्या पिढीत ४ गिगाबिटच्या चिप स्वीकारल्या जाऊ लागल्या आणि सोळा चिपचे ८ जीबीचे मॉड्यूल चालू लागले. चौथ्या पिढीपर्यंत सर्वसाधारण डेस्कटॉप आणि लॅपटॉपची मर्यादा तीच राहिली, म्हणून त्या यंत्रांत १६ जीबीचे डीडीआर३ मॉड्यूल, किंवा केवळ आठ चिप असलेले ८ जीबीचे मॉड्यूल, चालण्याची अपेक्षा ठेवू नये. ८ गिगाबिटच्या चिप पाचव्या पिढीपासून स्वीकारल्या गेल्या.

यासाठी मॉड्यूल हातात घेऊन करण्याजोगा एक साधा हिशेब आहे. मॉड्यूलची क्षमता जीबीमध्ये घ्यावी, तिला ८ ने गुणावे आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या काळ्या चिपच्या संख्येने भागावे; येणारे उत्तर म्हणजे एका चिपची क्षमता गिगाबिटमध्ये. ८ जीबी आणि सोळा चिप असतील तर ६४ भागिले १६, म्हणजे ४ गिगाबिट. मधोमध किंवा कडेला असलेली आठ पायांची बारीक चिप या मोजणीत धरू नये. ती मॉड्यूलची माहिती साठवणारी एसपीडी चिप असते. धातूचे आवरण असलेल्या मॉड्यूलवर चिप दिसत नाहीत, तेव्हा लेबलच्या आधारावर राहावे लागते, आणि त्याच कारणासाठी जुन्या बोर्डाकरिता आवरणाचे मॉड्यूल घेणे मी टाळण्याचा सल्ला देईन. जुन्या यंत्रात त्या आवरणाचा थंडाव्यासाठीही विशेष उपयोग नसतो.

लेबल वाचता आले की बराचसा उलगडा होतो. "४ जीबी २आर×८ पीसी३-१०६००एस" अशा ओळीत २आर म्हणजे दोन रँक आणि ×८ म्हणजे ८ बिट रुंदीची चिप. म्हणजे एकूण सोळा चिप. त्याच जागी १आर×८ असेल तर आठ चिप. १०६०० हा आकडा सेकंदाला मेगाबाइटमधील कमाल वहनाचा आहे आणि तो १३३३ या वेगाशी जुळतो. १६०० वेगासाठी १२८०० आणि डीडीआर२ च्या ८०० वेगासाठी पीसी२-६४०० असा आकडा येतो. शेवटचे अक्षरही महत्त्वाचे असते. एस हे लॅपटॉपच्या लहान मॉड्यूलसाठी, यू डेस्कटॉपच्या साध्या मॉड्यूलसाठी, ई हे त्रुटी दुरुस्त करणाऱ्या ईसीसी मॉड्यूलसाठी आणि आर हे सर्व्हरच्या रजिस्टर्ड मॉड्यूलसाठी असते.

यातील आर अक्षराने पुष्कळांचे पैसे वाया घालवले आहेत. जुन्या सर्व्हरमधून निघालेली डीडीआर३ रॅम मोठ्या क्षमतेची असूनही स्वस्तात मिळते आणि तिची खाच साध्या डेस्कटॉप मॉड्यूलच्या खाचेशी जुळते. ती बसते, पण चालत नाही, कारण तिच्यावरील रजिस्टर चिपशी बोलण्याची सोय डेस्कटॉपच्या सर्वसाधारण नियंत्रकात नसते. बायोस बदलून किंवा सेटिंग हलवून यावर उपाय होत नाही. रजिस्टर नसलेले ईसीसी मॉड्यूल काही डेस्कटॉप बोर्डांवर चालते, मात्र त्रुटी दुरुस्तीची सोय तेथे बहुधा बंदच राहते, तेव्हा मुद्दाम तसे घेण्यात अर्थ नाही.

दुसरा सापळा "फक्त एएमडीसाठी" असे लिहिलेल्या मॉड्यूलचा. यांवर ८ ऐवजी ४ बिट रुंदीच्या चिप असतात, त्यामुळे एका रँकसाठी आठ नव्हे तर सोळा चिप लागतात आणि स्तंभाच्या पत्त्यासाठी ११ बिट लागतात. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ पासूनच मेमरी नियंत्रक प्रोसेसरमध्ये आणला आणि त्यांचे अनेक नियंत्रक अशी मांडणी स्वीकारतात. इंटेलचे डेस्कटॉप चिपसेट स्वीकारत नाहीत. येथे सोळा चिप मोजून समाधान मानणारा फसू शकतो, कारण संख्या बरोबर असूनही रुंदी चुकीची असते. लेबलवर ×४ दिसले, किंवा किंमत संशय यावा इतकी कमी असली, तर इंटेलच्या यंत्रासाठी ते मॉड्यूल घेऊ नये.

खरेदीपूर्वीची माहिती कोठून घ्यावी, याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पहिला आणि सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे संगणकात सध्या असलेले, चालू स्थितीतले मॉड्यूल. त्याचे लेबल वाचावे, चिप मोजाव्यात आणि शक्य तितके तसेच मॉड्यूल शोधावे. यंत्र उघडायचे नसल्यास विंडोजमध्ये सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी पानावर, आणि लिनक्समध्ये डीएमआयडिकोड या आज्ञेच्या मेमरी विभागात, प्रत्येक स्लॉटची माहिती मिळते. त्याच आज्ञेत दिसणारा कमाल क्षमतेचा आकडा मात्र आंधळेपणाने मानू नये; तो बायोस तयार करणाऱ्याने लिहून ठेवलेला असतो आणि कधी खऱ्या मर्यादेपेक्षा कमी, कधी जास्त असतो. उत्पादकाने जाहीर केलेली मर्यादाही अनेकदा त्या वेळी बाजारात उपलब्ध असलेल्या मोठ्यात मोठ्या मॉड्यूलवरून ठरलेली असते. अॅपलच्या २०१२ च्या मध्यातील मॅकबुक प्रोची अधिकृत मर्यादा ८ जीबी आहे, तरी ते १६ जीबीवर व्यवस्थित चालते. म्हणून खरी मर्यादा पाहायची तर मेमरी नियंत्रक कोठे आहे ते पाहावे: इंटेलच्या कोअर २ पर्यंतच्या यंत्रांत तो चिपसेटमध्ये असतो, कोअर आय मालिकेत प्रोसेसरसोबत असतो, आणि मर्यादेचा शोध त्यानुसार चिपसेटच्या किंवा प्रोसेसरच्या तपशिलात घ्यावा लागतो.

विक्रीच्या पानावरील छायाचित्रावर विसंबू नये. एकाच नावाच्या मॉड्यूलमध्ये उत्पादक कालांतराने वेगळ्या चिप वापरतात, आणि सोळा चिपचे चित्र पाहून मागवलेले मॉड्यूल आठ चिपचे येणे अगदी शक्य असते. प्रत्यक्ष पाठवल्या जाणाऱ्या मॉड्यूलचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि लेबलवरील रँकची नोंद मागावी. ती न देणाऱ्याकडून जुन्या बोर्डासाठी खरेदी करू नये. परत घेण्याची अटही आधीच स्पष्ट करून घ्यावी.

रॅम आधीच आणलेली असेल आणि अडचण सुरू झालेली असेल, तर लक्षणावरून शोध घ्यावा.

स्क्रीन काळी राहत असल्यास वीजजोडणी काढावी, लॅपटॉपची बॅटरीही काढता येत असल्यास काढावी आणि उरलेला विद्युतभार जाण्यासाठी चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. नवे मॉड्यूल एकटेच लावून पाहावे, आणि ते प्रत्येक स्लॉटमध्ये स्वतंत्रपणे तपासावे. चार स्लॉटच्या बऱ्याच बोर्डांत प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटला प्राधान्य असते, परंतु खरा क्रम पुस्तिकेत पाहावा. मेमरी बदलल्यानंतर यंत्र स्वतःहून एक-दोनदा बंद-चालू होऊ शकते, तेव्हा मिनिटभर थांबण्यापूर्वी निष्कर्ष काढू नये. तरीही काही होत नसल्यास सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी, पुसावे; त्यामुळे बायोसची जुनी सेटिंग नाहीशी होऊन मेमरी नव्याने वाचली जाते. जुने मॉड्यूल सर्व स्लॉटमध्ये चालते आणि नवे एकाही स्लॉटमध्ये चालत नाही, असे आढळल्यास वर सांगितलेला चिपचा हिशेब करावा. उत्तर बहुधा तेथेच सापडते. उलट, कोणतेच मॉड्यूल एका ठरावीक स्लॉटमध्ये चालत नसेल तर रॅमचा विचार सोडून स्लॉटमधील धूळ, वाकलेला संपर्क किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन तपासावी. मॉड्यूलचे संपर्क साफ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड पुरते. खोडरबर सर्रास वापरले जाते, पण त्याचे कण स्लॉटमध्ये पडून नवीच अडचण निर्माण होते.

क्षमता कमी दिसत असल्यास बायोसमध्ये किती दिसते आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये किती दिसते, हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. बायोसमध्येच कमी दिसत असेल तर मॉड्यूल पूर्ण बसलेले नाही किंवा एका चिपची क्षमता नियंत्रकाच्या आवाक्याबाहेर आहे. बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी दिसत असेल तर ३२ बिट आवृत्ती आहे का ते पाहावे, कारण तिला ४ जीबीच्या आतच राहावे लागते आणि त्यातलीही काही जागा इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी जाते. विंडोज ७ च्या ६४ बिट होम बेसिकची मर्यादा ८ जीबी आणि होम प्रीमियमची १६ जीबी आहे, हेही लक्षात ठेवावे. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग प्रोग्रामच्या बूट विभागातील प्रगत पर्यायांत कमाल मेमरीची खूण चुकून लागलेली असेल तर ती काढावी; यंत्राचा वेग वाढवण्याच्या नादात ती अनेकांनी कधीतरी लावलेली असते. बायोसमध्ये मेमरी रिमॅप नावाचा पर्याय असल्यास तो चालू करावा. इंटेलच्या ९४५ कुळातील चिपसेटवर मात्र यातले काहीही उपयोगी पडत नाही, कारण त्याचा पत्त्यांचा पल्लाच ४ जीबीवर संपतो; तेथे ४ जीबी लावून ३ जीबीच्या किंचित वर दिसणे हेच अपेक्षित आहे आणि ६४ बिट सिस्टिम टाकूनही तो आकडा वाढणार नाही.

अधूनमधून अडकण्याची तक्रार सर्वांत त्रासदायक असते, कारण ती मेमरीची आहे असे लगेच वाटत नाही. ब्राउझर अकारण बंद पडणे, संकुचित फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येणे, ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना फाइल कॉपी न होणे, ही सगळी त्याच बिघाडाची रूपे असू शकतात. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवावा आणि किमान काही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. एका फेरीत त्रुटी न दिसणे पुरेसे नाही. एकटे मॉड्यूल प्रत्येक स्लॉटमध्ये त्रुटी दाखवत असेल तर ते सदोष आहे आणि परत करावे. दोन्ही मॉड्यूल स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात पण एकत्र लावल्यावर त्रुटी येतात, असे असेल तर नियंत्रकावरील भार किंवा प्रतिसादाच्या वेळांमधील (टायमिंग) फरक हे कारण असते. अशा वेळी बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणावा, उदाहरणार्थ १६०० वरून १३३३, आणि कमांड रेट (आज्ञा देण्यापूर्वी नियंत्रक किती ठोके थांबतो ते) १टी असल्यास २टी करावा. एक्सएमपी, म्हणजे मॉड्यूलला प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारी बायोसमधील सेटिंग, चालू असल्यास तो बंद करूनच तपासणी करावी. वेग कमी केल्याने होणारा तोटा रोजच्या कामात क्वचितच जाणवतो, त्यामुळे तो स्वीकारण्यात संकोच नसावा.

वेगवेगळ्या वेगाची मॉड्यूल एकत्र लावता येतात. सर्वांना सर्वांत मंद मॉड्यूलच्या वेगाने चालावे लागते, एवढेच. क्षमता वेगळी असली तरी इंटेलच्या बऱ्याच यंत्रांत, उदाहरणार्थ ४ आणि २ जीबीच्या जोडीत, जुळणारा भाग दुहेरी मार्गाने (दोन्ही मॉड्यूलशी एकाच वेळी देवाणघेवाण करून) आणि उरलेला एकेरी मार्गाने वापरला जातो. म्हणून जोडी जुळत नाही या एकाच कारणासाठी चालू मॉड्यूल टाकून देऊ नये. मात्र डीडीआर२ च्या यंत्रासाठी ४ जीबीची मॉड्यूल शोधत बसण्याऐवजी २ जीबीची दोन लावून थांबणे शहाणपणाचे आहे, कारण ती मोठी मॉड्यूल दुर्मीळ व महाग असतात आणि जी स्वस्त मिळतात ती बहुधा वर सांगितलेली एएमडीची असतात.

सर्व तपासूनही मॉड्यूल जुळत नसल्यास बायोसची शेवटची आवृत्ती पाहावी, कारण काही बोर्डांच्या उत्पादकांनी नव्या चिपची ओळख नंतरच्या आवृत्तीत दिलेली असते. अद्ययावत करण्याचे काम जुनी, चालू असलेली रॅम लावूनच करावे. अर्धवट जुळणाऱ्या रॅमवर बायोस लिहिताना यंत्र अडकले तर बोर्डच हातचा जाण्याची शक्यता असते.